बारा व्होल्टला काय होतंय?

परवा नाशिकहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा मावसभाऊ. त्याला एक स्वप्न पडलंय. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, आतल्या सीटा काढायच्या, त्या जागी पलंग, ओटा, फ्रिज, वर सोलर पॅनेल, आणि मग काकू-काकांना घेऊन कोकणापासून कन्याकुमारीपर्यंत. स्वप्न झकासच आहे. महाराष्ट्र सरकारनेसुद्धा २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडे अशा गाड्यांची हौस वाढते आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. दादाने फोटो पाठवले. पलंगाखाली लिथियमची बॅटरी, २०० अँपियर-अवरची. शेजारी २००० वॅटचा इन्व्हर्टर. आणि दोघांच्या मधे एक लाल, एक काळी अशा दोन वायरी, ज्या घराच्या एसीला घालतात तशा. सहा स्क्वेअर एमएमच्या.

"दादा, फ्यूज कुठे आहे?" मी विचारलं.

"वायरमनला विचारलं मी. तो म्हणाला, साहेब, बारा व्होल्टला काय होतंय?"

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. कारण हे वाक्य काही एकट्या नाशिकच्या वायरमनचं नाही. माझ्या तोंडूनही ते एकदा निघता निघता राहिलं होतं. माझ्या नावापुढे पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधली जर्मन पीएचडी आहे, तरीसुद्धा.

तो किस्सा आधी सांगतो. मी राहतो दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये. नाव ऐकून खजुराची झाडं आणि झुळझुळ पाणी असं काही डोळ्यासमोर येऊ देऊ नका. शेख मोहम्मद बिन झायद रोडला लागून वसवलेली ही ऑफिसं, प्रयोगशाळा आणि इमारतींची वसाहत. अर्धे शेजारी मल्याळी, उरलेल्यांत आपण सगळे. इथे उन्हाळ्यात माणूस एसीतून एसीत जगतो आणि नोव्हेंबर ते मार्च मात्र वेड लागल्यासारखा वाळवंटात पळतो. माझ्या एका मल्याळी सहकाऱ्याने अशीच एक जुनी व्हॅन घेतली होती. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमधून तिला दुसरी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला होता. (गॅरेजचं नाव सांगत नाही. अशी गॅरेजं सगळीकडे असतात.) जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोन कुटुंबं अल कुद्राच्या वाळवंटात गेलो. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासदेखील लागत नाही. बाहेर शेकोटी, पोरांचा दंगा, व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर राइस कुकर लावलेला. केरळचा जाडा मट्टा तांदूळ, त्याला शिजायला वेळ लागतो. माझी मुलगी दमून आतच सीटवर झोपली होती.

थोड्या वेळाने मासळी तळल्यासारखा वास यायला लागला. पलीकडे पन्नास पावलांवर दुसरा एक कंपू बार्बेक्यू करत होता. आम्ही म्हटलं, वा, बेत दिसतोय! सहकारी म्हणाला, जाऊन ओळख काढू या का? अशी थट्टा किमान दहा मिनिटं चालली. बायको मुलीला पांघरूण घालायला आत गेली आणि ओरडली, "अरे, वास आतून येतोय!"

विजेच्या जोडकामातलं उष्णतारोधक प्लॅस्टिक आणि रेझिन तापलं की त्याला बरेचदा मासळीसारखा वास येतो. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं नव्हे, प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नाकाने घेतलेलं. आणि तरी मी दहा मिनिटं त्या वासावर विनोद करत उभा होतो. मुलीला उचलून बाहेर आणलं, राइस कुकर बंद केला, सीटखालची पेटी उघडली. इन्व्हर्टरच्या लाल वायरीचा बोल्ट जिथे आवळलेला होता तिथलं आवरण काळं पडून ओघळलं होतं, शेजारच्या प्लायला तपकिरी डाग पडला होता. बॅटरी तोडायचा स्विच नव्हता. टर्मिनल सोडवायला दहा नंबरचा पाना हवा होता, आणि तो पाना कुठे आहे हे शोधण्यात जी दोन-तीन मिनिटं गेली ती मी विसरणार नाही.

आग लागली नाही. प्लाय काही पेटला नाही. एवढंच.

आता गंमत बघा. त्या गाडीत फ्यूज होता! शंभर अँपियरचा, उत्तम स्थितीतला, अगदी शाबूत. तो उडाला का नाही? कारण उडण्यासारखं काही झालंच नव्हतं. हिशेब सोपा आहे. राइस कुकर ७०० वॅटचा. घरी २३० व्होल्टवर तो जेमतेम ३ अँपियर घेतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे तेवढीच शक्ती काढायची तर इन्व्हर्टरचा तोटा धरून ६५ अँपियर लागतात. म्हणजे वीसपटीहून जास्त. आणि वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच वायर, तोच सांधा असेल तर चारशे पट. ढिल्या बोल्टचा रोध समजा ०.०२ ओहम. मीटरवर नीट दिसणारही नाही इतका क्षुल्लक. पण ६५ चा वर्ग गुणिले ०.०२ म्हणजे सुमारे ८५ वॅट. आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हातातली सोल्डरिंगची इस्त्री असते २५ ते ४० वॅटची. म्हणजे माझी मुलगी झोपली होती त्या सीटखाली दोन-तीन सोल्डरिंग इस्त्र्या चालू ठेवल्या होत्या आणि फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. शंभरचा फ्यूज, करंट पासष्ट. तक्रार कसली?

बारा व्होल्टला माणसाला झटका बसत नाही, म्हणून बारा व्होल्ट निरुपद्रवी असा आपला समज होतो. झटका व्होल्टेजवर अवलंबून असतो, आग करंटवर. कमी व्होल्ट म्हणजे त्याच कामाला जास्त करंट. म्हणजे 'बारा व्होल्टला काय होतंय' हे वाक्य नुसतं चूक नाही, बरोबर उलटं आहे.

माझ्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ होते, निवृत्तीला आलेले. डॉक्टरेटवाल्यांचा त्यांना फार आदर नव्हता. वायरीला टोपण दाबून बसवलं की ते येऊन एकच प्रश्न विचारायचे, "ओढून बघितलंस?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतः जोरात हिसका द्यायचे. निम्म्या वेळा वायर हातात यायची. तेव्हा राग यायचा. घरातली वायर भिंतीत स्वस्थ पडून असते हो, पण गाडीतली वायर रोज हादरते. आपल्या घोटी-इगतपुरीच्या रस्त्यावर एक पावसाळा काढल्यावर कुठला बोल्ट घट्ट राहील? म्हणून गाडीतला सांधा नुसता पिळून, टेप गुंडाळून चालत नाही. योग्य मापाचं लग, हत्याराने दाबून बसवलेलं, खाली स्प्रिंग वॉशर, आणि महिना-दोन महिन्यांनी पाना लावून तपासलेलं. मोठा भार चालवल्यावर हात लावून बघायचा, कुठला सांधा बाकीच्यांपेक्षा गरम लागतोय का. यासाठी पीएचडी लागत नाही. तो जर्मन तंत्रज्ञ आठवीनंतर कामाला लागला असेल, कोण जाणे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे कुठेही आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' हा शब्द आपण 'देवाची करणी' या अर्थी वापरतो. शॉर्ट सर्किट झालं, म्हणजे कोणाची चूक नाही, फाइल बंद. वास्तविक शॉर्ट सर्किट म्हणजे वीज आखून दिलेल्या वाटेने न जाता जवळच्या वाटेने जाणं, बस. वायर कुठे घासली, का घासली, फ्यूज का नव्हता, असला तर का उडाला नाही, हे प्रश्न तिथून सुरू व्हायला हवेत. आपण तिथे संपवतो. शिवाय आग दुसऱ्याच कारणाने लागली तरी वायरींची आवरणं जळतात आणि मग शॉर्ट सर्किट होतंच! जळालेल्या गाडीत वितळलेल्या तांब्याचे मणी सापडले म्हणजे वीज गुन्हेगार असं नाही, ती बळीही असू शकते. हा फरक ओळखणं प्रयोगशाळेतसुद्धा अवघड जातं, मग रस्त्यावरच्या पंचनाम्यात काय ओळखणार?

हिंजवडीचं उदाहरण ताजं आहे. १९ मार्च २०२५ ला सकाळी कर्मचाऱ्यांना घेऊन जाणारी टेम्पो ट्रॅव्हलर पेटली आणि चार जण गेले. पहिल्या बातम्यांत अर्थातच शॉर्ट सर्किट. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी सांगितलं की चालकानेच रसायन वापरून आग लावल्याचा संशय आहे, आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. म्हणजे एक दिवसभर बिचारी वीज आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. पण त्या घटनेत माझ्या विषयाच्या दृष्टीने दुसरीच गोष्ट महत्त्वाची आहे. आग कशानेही लागलेली असो, मागचा दरवाजा वेळेत उघडला नाही. जे गेले ते मागे बसलेले होते. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसचा अपघात होऊन ती पेटली, २५ जण गेले. ती आग विजेची नव्हती. पण बस दरवाजाच्या अंगावर उलटली आणि जे वाचले ते काच फोडून निघालेले.

म्हणून दादाला मी फ्यूजच्याही आधी विचारलं, "पलंग कुठे आहे?" तर पलंग मागच्या दाराला आडवा, पक्का ठोकलेला. आणि ओटा व गॅस सरकत्या दाराशेजारी. म्हणजे ओट्याशी आग लागली की बाहेर पडायची वाट ओट्यावरून! काका ७१ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोन वाजता, धुरात, ते कुठून निघणार? गाडीच्या आत प्लाय, फोम, रेक्झिन. हे पेटलं की हातात मिनिटं फार थोडी, आणि माणूस ज्वाळांच्या आधी धुरानेच आडवा होतो. मागचं दार आतून उघडणारं, पलंग उचलता येईल असा, आणि काच फोडायची हातोडी उशाशी. हे बसवायला वायरमन लागत नाही, सुतार पुरे.

मग फ्यूज. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. तो असतो वायरीच्या रक्षणासाठी. म्हणून तो यंत्राजवळ नाही तर बॅटरीच्या अधिक टोकाजवळ हवा, वीतभर अंतराच्या आत. बोटींसाठीच्या अमेरिकी मानकात सात इंच म्हटलं आहे, आपली वीत जरा मोठी, चालेल. बॅटरी आणि फ्यूजच्या मधला वायरीचा तुकडा पूर्णपणे अनाथ असतो, त्याला कोणी वाली नाही. गाडीचं अख्खं अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं, तेव्हा लाल वायर पत्र्याच्या भोकात घासून सोलली की झालं. (भोकात रबरी ग्रोमेट घालायला दहा-वीस रुपये पडतात.) लिथियमची मोठी बॅटरी अशा वेळी हजारो अँपियर ओतू शकते. दादाची ती सहा स्क्वेअर एमएमची वायर हजार अँपियरला सेकंदभरही टिकणार नाही, आवरण वितळून पेटायला लागेल. "पण बॅटरीत बीएमएस आहे ना, तो तोडतो की!" दादाने लगेच गुगल केलं होतं. तोडतो, बहुतेक वेळा. पण त्यातले मॉस्फेट स्वतः बिघडतात तेव्हा बरेचदा 'चालू' अवस्थेतच बिघडतात. माझं आयुष्य हे असले जळालेले मॉस्फेट मोजण्यात चाललंय, माझ्यावर विश्वास ठेवा. फ्यूजही साधा नको, लिथियमला टी वर्गाचा, जो एवढा मोठा करंट खरोखर तोडू शकतो.

आणि वायर. २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बारा व्होल्टला १८५ अँपियर ओढणार. त्याला ७० स्क्वेअर एमएमची वायर हवी. दादा म्हणाला, ती तर अंगठ्याएवढी जाड असते. असतेच. नको असेल तर इन्व्हर्टर लहान घे, किंवा २४ व्होल्टची बॅटरी घे. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा आणि तीच वायर ठेवली तरी उष्णता पाव. त्यात आणखी एक गोष्ट इथे दुबईत राहून मला नीट कळली. वायरीवर छापलेली क्षमता साधारण ३० अंश तापमानाला धरलेली असते. साध्या पीव्हीसी वायरीभोवती ५० अंश असेल तर तिची क्षमता सत्तर टक्क्यांवर येते आणि ६० अंशाला निम्म्यावर. इथे ऑगस्टात बंद गाडीच्या आत ६० अंश सहज होतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही काही वेगळं होत नसेल.

सोलरचं वेगळंच. घरचा एमसीबी आणून तो पॅनेलच्या वायरीत लावणं हा आपला आवडता जुगाड. घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच तोडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीचा प्रवाह शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणून धरते आणि स्विचच जाळते. डीसीसाठी बनवलेला एमसीबी मिळतो, थोडा महाग असतो. आणि ऊन असेतो पॅनेल बंद करता येत नाही हे लक्षात ठेवायचं.

थांबलेल्या गाडीला बाहेरून २३० व्होल्ट जोडतात तेव्हा आरसीसीबी हवाच. वायरीचं भेंडोळं पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेलं ठेवून मोठा भार चालवला तर आतल्या आत शिजतं. इथल्या ब्रिटिश पद्धतीच्या तीन पिनांच्या प्लगच्या पोटातच एक छोटा फ्यूज असतो, जास्तीत जास्त १३ अँपियरचा. आल्या आल्या मला तो प्लग बोजड वाटायचा. आता सुट्टीत घरी गेलो आणि एका एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री आणि गिझर बघितला की त्याची आठवण येते.

आणि एवढं करूनही पेटलंच तर? आधी माणसं बाहेर. सामान, लॅपटॉप, पासपोर्ट नाही, माणसं. दाराजवळ हाताला येईल असा बॅटरी तोडायचा स्विच असेल तर जाता जाता तो फिरवायचा, गॅसचा कॉक बंद. फायर एक्स्टिंग्विशर दाराशी, मागे कपाटात नाही. आग कचऱ्याच्या बादलीएवढी असेल आणि पाठीशी दार मोकळं असेल तरच विझवायला उभं राहायचं, नाहीतर लांब जाऊन फोन करायचा: आपल्याकडे ११२ किंवा १०१, इथे ९९७. पेटीतून धूर येतोय म्हणून झाकण सताड उघडू नका, आत हवा जाते. लिथियम बॅटरीच पेटली असेल तर पावडरने ज्वाळा दबतात पण आतली प्रक्रिया थांबत नाही. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं आणि ते काम अग्निशमन दलाचं. तो धूर विषारी असतो. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, तेव्हा 'विझलं एकदाचं' म्हणून आत झोपायला जायचं नाही.

दादाच्या नाशिकमध्येच ९ एप्रिल २०२२ ला एका कंटेनरमध्ये भरलेल्या ४० इलेक्ट्रिक स्कूटरपैकी २० जळाल्या होत्या. त्या उन्हाळ्यात पुण्यात, तमिळनाडूत अशा बऱ्याच घटना झाल्या आणि मग केंद्र सरकारने इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. म्हणजे आपल्याला करता येतं. पण ते नियम गाडी चालवणाऱ्या बॅटरीचे. पलंगाखालच्या बॅटरीकडे कोण बघणार? कॅराव्हॅनच्या विद्युत जोडणीसाठी आंतरराष्ट्रीय मानकाचा एक स्वतंत्र भाग आहे, आयईसी ६०३६४ चा ७२१ वा. तो गॅरेजपर्यंत पोचलेला नाही. गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बारा व्होल्ट कळतं पण दोनशे अँपियरची सवय नाही. घराच्या वायरमनला २३० व्होल्ट कळतं पण हादरे आणि डीसी कळत नाही. सोलरवाला पॅनेल लावून जातो. तिघे आपापल्या जागी प्रामाणिक असतात हो, पण गाडी तिघांच्या मधे पडते आणि पेटली की पंचनाम्यात शॉर्ट सर्किट. माझं म्हणणं इतकंच की आरटीओत अशी गाडी पास करताना पीयूसीसारखा एक कागद असावा: फ्यूज कुठे, वायर किती जाडीची, तोडायचा स्विच कुठे, दुसरं दार उघडतं का. आणि खाली जोडणी करणाऱ्याची सही. जर्मनीत फिरत्या घरांची गॅस जोडणी दर दोन वर्षांनी तपासतात, विजेचीही आपण तशी तपासू शकतो. तिथेही सगळे तपासतात असं नाही, पण सही करणाऱ्याचा हात जरा थबकतो.

दादा चिडला होता. "तू काय अर्धी गाडी परत सोडवायला लावतोस," म्हणाला. मग दोन दिवस गप्प. काल रात्री फोटो आला: बॅटरीशेजारी फ्यूज, लाल दांड्याचा स्विच, आणि मागच्या दारातून हसत बाहेर डोकावणारे काका. पलंग कापलेला दिसतोय. खाली प्रश्न, "आता इंडक्शन घेऊ का? १८०० वॅटची मिळतेय."

मी अजून हो म्हटलेलं नाही. वायरीच्या आवरणावर काय छापलंय त्याचा फोटो मागितलाय.